भुकेचा जमाखर्च

लग्नसराईत शनिवारी रात्री नऊच्या सुमारास बेळगावातल्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी गेलात, तर तीन-चार मुलेमुली स्टीलचे रिकामे डबे घेऊन उभी असलेली दिसतील. यजमानांकडचे लोक त्यांना कधी वाढपी समजतात, कधी वर्गणी मागायला आलेले. गेले वर्षभर त्यांत मीही असते. पंगती उठल्यावर उरलेले अन्न ताब्यात घ्यायचे आणि ज्यांना त्या रात्री जेवण मिळालेले नाही त्यांना नेऊन वाढायचे, एवढेच आमचे काम. आमच्या मंडळाला अजून नावसुद्धा नाही. कॉलेजात पुष्कळ जण या कामाची चौकशी करतात. म्हणून ते कसे चालते, त्यात हिशेब कशाचा ठेवावा लागतो आणि आमचे कुठे चुकले, हे येथे सांगावेसे वाटले.

अन्न उरतेच का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मला पाठ्यपुस्तकातल्या मागणीच्या आलेखापेक्षा एका आचारीमामांकडून अधिक नीट कळले. यजमानांनी पाचशे पाने सांगितली की मामा साडेपाचशेचा शिधा काढायला लावतात. पन्नास ताटे उरली तर यजमानांचे काही हजार रुपये जातात. दहा ताटे कमी पडली तर अब्रू जाते आणि तिचा बोभाटा पुढची दहा वर्षे होत राहतो. दोन नुकसानांची किंमत अशी विषम असल्यामुळे अंदाज चुकवायचाच तर तो वरच्या बाजूला चुकवतात. त्यात एखादा वळीव कोसळला, किंवा त्याच मुहूर्तावर गावात आणखी चार लग्ने असली, की निम्मे पाहुणे अक्षता टाकून पुढच्या कार्यालयाकडे निघतात. तेव्हा यजमानांना नासाडीवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. (आम्ही सुरुवातीला देत असू. एका वरपित्याने आम्हाला शांतपणे विचारले, "बाळांनो, तुमच्या घरी लग्न झालंय का अजून?" त्यानंतर व्याख्यान बंद झाले.)

दुसरा प्रश्न वेळेचा. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिले किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहिले, तर ते टिकते. या दोहोंच्या मधल्या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात, आणि कार्यालयाच्या कोठीघरात झाकून ठेवलेले पातेले नेमके त्याच टप्प्यात तासन्‌तास बसलेले असते. साधारण दोन तासांत ते अन्न खाल्ले गेले पाहिजे. चार तास उलटले तर टाकून द्यावे, असा नियम आहे. सर्वांत फसवा भात. त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की त्यात हा जंतू विष तयार करतो, आणि ते विष नंतर भात कितीही गरम केला तरी जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाचे संकलन आणि वाटप यांसाठी २०१९ साली स्वतंत्र विनियम काढले आहेत. त्यांत देणारा आणि वाटणारा या दोघांवरही जबाबदारी टाकलेली आहे.

हे सगळे मी आता पाठ केल्यासारखे सांगते. तेव्हा मला ठाऊक नव्हते. गेल्या एप्रिलमध्ये दुपारच्या मुहूर्ताचा मसालेभात आम्ही संध्याकाळी सहा वाजता उचलला. पातेले अजून कोमट होते, म्हणजे ताजेच आहे, असे मीच म्हणाले. एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाहेरगावच्या रोग्यांचे नातेवाईक रात्री झोपतात. त्यांना तो वाढला. दुसऱ्या दिवशी कळले की तिघांना रात्रभर उलट्या झाल्या. आत आजारी मुलगा आणि बाहेर उलट्या करणारी आई, असा तो प्रकार. तिघेही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बरे झाले आणि कोणी आम्हाला एक शब्द बोलले नाही. फुकट वाढणाऱ्याशी भांडायचे कसे, असे त्यांना वाटले असावे. विकत घेतलेले अन्न बाधले असते तर त्यांनी खाणावळवाल्याची गचांडी धरली असती.

तेव्हापासून मागच्या दाराशी आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : भात कधी उतरवला? दही, ताक, खोबऱ्याची चटणी, कोशिंबीर आम्ही घेतच नाही. पोळ्या, जिलेबी, बुंदी, कोरडी भाजी आनंदाने घेतो. दुपारचे अन्न रात्री घेत नाही, मग ते पाच पातेली भरून का असेना. यजमान दुखावतात. "एवढ्या अन्नाला नाही म्हणता?" असे एका आजींनी डोळ्यांत पाणी आणून विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर होते, पण ते देताना जीभ जड झाली.

फुकटच्या अन्नालाही खर्च असतो, हे खजिनदार म्हणून मला वहीत रोज दिसते. टेंपोचे भाडे, अन्न पुन्हा उकळी येईपर्यंत तापवायला गॅस, पत्रावळी, डबे घासायची पावडर. देणगी देणारे म्हणतात, आमचे पैसे अन्नासाठीच वापरा. अन्न तर आम्हाला फुकट मिळते! पैसे लागतात ते नेमके टेंपोला, आणि टेंपोसाठी देणगी देण्यात कोणाला समाधान वाटत नाही.

वाढण्याबद्दल दोनच गोष्टी सांगते. फोटो काढायचा नाही, हा आमचा नियम. त्यापायी दोन मुले मंडळ सोडून गेली. दुसरी गोष्ट प्रश्नाची. आपल्याकडे भेटल्यावर मराठीत "जेवलात का?" आणि कन्नडमध्ये "ऊट आतेन्री?" असे विचारायची पद्धत आहे. पायऱ्यांवर आम्ही तेच विचारत असू. उत्तर यायचे, "आत्री", म्हणजे झाले. ते क्षेमकुशलाचे उत्तर होते. दोन दिवसांचा उपाशी माणूससुद्धा अनोळखी पोरांना "झाले" असेच सांगणार. मग कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीने प्रश्न बदलला : "ऊट माडतीरेन्री?" जेवता का? त्या एका क्रियापदाने ताटांची संख्या वाढली.

तेथेच अक्का भेटली. (नाव लिहीत नाही, आम्ही तिला अक्काच म्हणतो, ती आम्हाला तंगी.) नवरा दवाखान्यात, दोन मुले बरोबर, माहेर-सासर दोन्ही सौंदत्तीकडचे, काम बांधकामावर विटा-सिमेंट उचलण्याचे. नवरा घरी परतल्यावरही ती शनिवारी मुलांना घेऊन पायऱ्यांवर येत राहिली. आम्ही तीन शनिवार तिला वाढले. चौथ्या शनिवारी मैत्रिणीने सहज विचारले, "अक्का, रेशन नाही का?" रेशनकार्ड होते. चार नावांचे होते. गेले तीन महिने दुकानातले यंत्र तिचा अंगठा ओळखत नव्हते, कारण सिमेंटने बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या; आणि दुकानदार "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत होता. तीन शनिवार आम्ही तिला जिलेबी वाढली आणि ती उपाशी का आहे, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही.

येथे थोडे कायद्याकडे वळते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना रेशन म्हणजे सरकारची मेहेरबानी वाटते. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि देशाच्या सरकारी गोदामांत सुमारे ६ कोटी टन धान्य पडून होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे होते की, घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क अन्नावाचून पोकळ आहे. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने सरकारी अन्नयोजनांना हक्काचे रूप दिले. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण द्यावे, असेही त्याच आदेशात आहे. माझ्या शाळेतली खिचडी कोठून आली, हे मला बी.कॉम.ला आल्यावर कळले. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. ग्रामीण भागातली ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातली ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्या त्यात येते. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. लाभार्थींची संख्या मात्र अजून २०११ च्या जनगणनेवरून ठरते. तेव्हा जन्मलेली मुले आज माध्यमिक शाळेत आहेत.

आता जमाखर्च मांडू. एका ताटाला सुमारे १५० ग्रॅम तांदूळ धरला, तर अक्काच्या चार माणसांच्या २० किलोंत महिन्याला १३३ ताटे होतात आणि वर्षाला १,६००. आमच्या वहीत सगळ्या लग्नसराईतली ताटे मोजली, तेव्हा ती दीड हजाराच्या आत भरली. म्हणजे सात मुलांनी, एका टेंपोने आणि गावातल्या सगळ्या वरपित्यांनी मिळून जेवढे केले, त्याहून थोडे जास्त एका यंत्राने एक अंगठा ओळखला असता तर झाले असते. तुलना कच्ची आहे, हे कबूल. रेशनात भाजी-आमटी नसते आणि धान्य शिजवायला सरपण लागते. तरी हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचेही धान्य अडवू नये, असे केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलेले आहे. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या आकड्यावरून ओळख पटवता येते. अक्काच्या आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या हरवलेल्या फोनचा निघाला. तो बदलायला तीन खेपा झाल्या : एकदा यंत्रणा बंद, एकदा गर्दी, तिसऱ्यांदा काम झाले. तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी. आम्ही बरोबर गेलो म्हणून तिचा वेळ वाचला नाही, पण तिला कोणी खिडकीवरून परत पाठवले नाही. कार्ड गावाकडचे असले तरी राज्यात कोठल्याही दुकानात धान्य घेता येते, हेही तिला कोणी सांगितलेले नव्हते. पुढच्या महिन्यात शहरातल्याच दुकानातून तिला धान्य मिळाले.

बुडालेल्या तीन महिन्यांचे काय? कायद्याच्या ८ व्या कलमाप्रमाणे हक्काचे धान्य मिळाले नाही, तर अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याच्यावर राज्य अन्न आयोग. आम्ही अर्ज केला. मी मराठी माध्यमातली. कन्नड बोलते, पण सरकारी कन्नड लिहिताना अडते. मसुदा मी आकड्यांसह मराठीत केला, मैत्रिणीने तो कन्नडमध्ये उतरवला. तिच्या अक्षरातला तो अर्ज माझ्या आकडेमोडीपेक्षा कितीतरी भारदस्त दिसत होता. पोच मिळाली आहे. उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही.

यावर आमच्या मंडळात वाद झाला. काही जण म्हणाले, आता डबे बंद करू आणि अर्जच लिहू. मला ते पटले नाही. अर्जाला उत्तर येईपर्यंत त्या रात्रीचे जेवण कोणी तरी द्यावेच लागते. आणि तिसरीही एक वाट आहे, ती विसरू नये. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' केंद्र सुरू केले. तेथे कष्टकऱ्याला स्वस्तात भाकरी-भाजी मिळते आणि तो पैसे मोजून, हवे ते मागून जेवतो. ज्याने पैसे मोजले त्याला आमटी खारट झाली असे म्हणता येते. आमच्या पायऱ्यांवर तसे म्हणायची सोय नाही, हे एप्रिलच्या त्या रात्रीने मला दाखवले.

तूर्त ठरले आहे ते असे. शनिवारचे डबे चालू राहतील. त्याखेरीज दर मंगळवारी दुपारी, म्हणजे कचेऱ्या उघड्या असताना, दोघींनी रेशनकार्डांच्या अडचणी घेऊन बसायचे. पायऱ्यांवरच्या ओळखीतून आणखी अकरा कार्डे समोर आली आहेत : कुठे लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव तसेच, कुठे नव्या बाळाचे नाव नाही, कुठे आजोबांच्या बोटांचीच तक्रार. शनिवारी रात्री सात जण येतात, मंगळवारी दुपारी आम्ही दोघीच असतो. कन्नडमध्ये नीट अर्ज लिहिणारे, आणि रांगेत तासभर न कंटाळता उभे राहणारे कोणी असतील, तर मंगळवारी अडीच वाजता वाचनालयाच्या जिन्याखाली भेटावे. येताना निळे पेन आणि रिकामी फाइल आणावी. आमच्या फायली संपल्या आहेत.