मंद संगणक आणि पडद्यामागचा कारकून



वर्गांत गलका झाला म्हणजे शिक्षकाची दृष्टि प्रथम ज्या मुलाकडे जाते, तोच अपराधी असतो असें नाहीं. पुष्कळदां चिमटा काढणारा मागच्या बांकावर पुस्तकांत डोकें खुपसून बसलेला असतो, आणि ओरडणारा असतो तो बिचारा चिमटा बसलेला! जन्मभर वर्गांत पाहिलेली ही गोष्ट निवृत्तीनंतर मला एका यंत्राकडून नव्यानें शिकावी लागली. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. तेव्हां जें सांगेन तें घरबसल्या कोणासही पडताळून पाहतां येईल इतकें साधेंच असेल.

माझ्याजवळ एक जुना संगणक आहे. तो विंडोजवर चालतो. एका पावसाळ्यांत भिंतीला ओल आली आणि कपाटांतील कागद कुजूं लागले. शाळेच्या स्नेहसंमेलनांचीं छायाचित्रें, हस्तलिखित मासिकांचीं पानें आणि माझ्या दिवंगत पत्नीचीं पत्रें मीं घाईघाईनें स्कॅन करून संगणकांत भरलीं. फाइली वीस हजारांवर गेल्या. त्या चटकन सांपडाव्या म्हणून शोधाच्या सेटिंगमध्यें ‘एन्हान्स्ड’ हा पर्यायही मींच निवडला. त्याचा अर्थ असा कीं, नेहमींच्या कांहीं फोल्डरांपुरती नव्हे, तर साऱ्या संगणकाची सूची तयार करावयाची.

दुसऱ्या दिवसापासून फाइल एक्सप्लोरर मंदावला. फोल्डर उघडून आंतल्या फाइली दाखविणारी ही आपली रोजची खिडकी. पण एक फोल्डर उघडावयास अर्धें मिनिट लागूं लागलें. तीन आठवडे मीं तें सोसलें. शेवटीं दुरुस्तीसाठीं बोलाविलेल्या गृहस्थांनीं दोन मिनिटांत निकाल दिला, “मास्तर, सगळें पुसून विंडोज नव्यानें घालूं.” मूळ पत्रांचा एव्हांना लगदा झाला होता, संगणकांतील प्रत हीच काय ती उरली होती. मीं त्यांस चहा दिला आणि निरोपही दिला.

त्या सायंकाळीं नातीनें फोनवर सांगितलें, “आजोबा, एक्सप्लोररला दोष देण्याआधीं टास्क मॅनेजर उघडून बघा ना.” कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं हा हजेरीपट उघडतो. त्या क्षणीं कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत आणि प्रत्येक जण प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क यांचा किती वांटा घेत आहे, हें त्यांत आंकड्यांनीं दिलेलें असतें. मीं पाहतों तों प्रोसेसर जवळजवळ रिकामा. डिस्कच्या रकान्यांत मात्र शंभर टक्के! त्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलें, तेव्हां सर्वांत अधिक डिस्क वापरणारा वर आला. तो एक्सप्लोरर नव्हता. तो होता सर्च इंडेक्सर.

हा इंडेक्सर म्हणजे पडद्यामागें बसलेला कारकून. २००७ सालीं घरोघरीं विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्याची नेमणूक मुळांतच झालेली असते. ग्रंथालयांत पुस्तकांची सूची करतात, तशी तो फाइलींचीं नांवें व आंतील शब्द यांची सूची करतो. मग आपण कांहीं शोधलें कीं उत्तर सूचींतून तत्काळ मिळतें. सेवक उपयोगाचाच आहे.

मग एकाच्या लिहिण्यानें दुसऱ्याचें काम कां अडावें? याचें उत्तर हार्ड डिस्कच्या रचनेंत आहे. तींत ग्रामोफोनसारखी फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर माहिती वाचणारें शीर्ष सरकतें. माझ्या संगणकांतील तबकडी मिनिटास ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. हवी ती जागा शीर्षाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा थांबावें लागतें. हा झाला सेकंदाचा १८० वा भाग. त्याआधीं शीर्षाला योग्य वर्तुळापर्यंत सरकावें लागतें. त्यास याच्या सुमारें दुप्पट वेळ जातो. हिशेब केला तर विखुरलेल्या माहितीचीं साठेक वाचनें झालीं कीं सेकंद संपला! शाळेंत शिपाई एकच, आणि मुख्याध्यापक व कचेरी दोघेही त्याला विरुद्ध दिशांना धाडीत आहेत, अशी ही स्थिति. रांगेंत ताटकळणारा एक्सप्लोरर आपल्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून दोष त्याच्या माथीं. नव्या सॉलिड-स्टेट डिस्कमध्यें तबकडी नाहीं आणि सरकणारें शीर्षही नाहीं. ती सेकंदास हजारों वाचनें करते, म्हणून तेथें हा त्रास क्वचितच जाणवतो.

पुढें ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ ही खिडकी उघडली, आणि माझी चूक मला दिसली. मालक काम करीत असतां हा कारकून आपला वेग कमी करतो, असें तेथें स्पष्ट लिहिलेलें होतें. मी रोज तासभर संगणकापुढें बसें, आणि उठतांना काटकसर म्हणून तो बंद करीं. म्हणजे मी असेपर्यंत त्यानें हात आंखडावा, आणि मी उठलों कीं कचेरीला कुलूप! काम संपणार केव्हां? प्रथम मीं पत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. मग संगणक झोपीं जाणार नाहीं अशी व्यवस्था करून तो रात्रभर चालू ठेवला. सकाळीं सूची पूर्ण झाली होती, आणि फोल्डर पूर्वीसारखें चटकन उघडलें. नंतर स्कॅनचें फोल्डर मीं सूचींतून वगळलें. चित्रांतील हस्ताक्षर त्या कारकुनास वाचतां येत नव्हतेंच.

आपल्या घरीं असें झाल्यास आधीं मोलाच्या फाइलींची दुसरी प्रत काढावी; कारण डिस्क निकामी होऊं लागली तरी लक्षणें अशींच दिसतात. मंदपणा चालू असतांनाच हजेरीपट पाहावा. वर कधीं इंडेक्सर सांपडेल, कधीं अँटिव्हायरसची तपासणी, कधीं क्लाउडशीं फाइली जुळविणारा प्रोग्रॅम. संशयितास त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून थोडा वेळ थांबवून फोल्डर उघडून पाहावें. पण एका वेळीं एकच बदल करावा, नाहीं तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. अनोळखी नांव दिसलें म्हणून तो प्रोग्रॅम मारून टाकूं नये. दोन-तीन दिवस सलग चालूनही सूची संपेना, तर ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘रिबिल्ड’ दाबून ती नव्यानें करवावी. मॅकवर फाइंडर रेंगाळला तर स्पॉटलाइटची सूची चालू आहे काय तें पाहावें; रीत तीच.

तें दुरुस्तीवाले गृहस्थ पुढें एकदां रस्त्यांत भेटले. मीं त्यांस घरीं नेलें, हजेरीपट दाखविला, आणि पुन्हा चहा दिला. कोणाचाही संगणक पुसण्यापूर्वीं आतां तो पाहीन, असें ते म्हणाले. पत्नीचीं पत्रें आज तीन ठिकाणीं सुखरूप आहेत.