‘दोन हजार पाचला इथवरच आलं होतं’
पूर आणि आपलं घर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलै उजाडला की सांगलीत घरोघरी एकच प्रश्न असतो, “आयर्विनला किती झालं?” कोल्हापुरात विचारतात, “बंधारा किती फुटांवर?” सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ आणि ४३. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये हजारो कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. आकडा सगळ्यांना माहीत होता. तो आकडा आला की आपल्या घरात कोणी काय करायचं, हे मात्र बहुतेक घरांत ठरलेलं नव्हतं. त्यामागे काही समज आहेत. ते एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज : मागच्या मोठ्या पुरात पाणी इथवरच आलं होतं, त्याच्या वर येणार नाही.

वस्तुस्थिती : २०१९ मध्ये सर्वांत जास्त घात केला तो याच समजाने. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, घरातल्या जुन्याजाणत्यांच्या डोक्यात होती, आणि तिच्या भरवशावर लोक घरात थांबले. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. दोन्हीकडे २००५ ची खूण पाण्याखाली गेली. “असा पूर शंभर वर्षांत एकदाच येतो,” असं तेव्हा म्हटलं गेलं, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगेने पुन्हा ५५ फूट ओलांडले. शंभर वर्षांतला पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. एकदा येऊन गेला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं सुटका, असा त्याचा अर्थ नाही.

घाटमाथ्यावर पाऊस किती कोसळतो, धरणं त्या दिवशी किती भरलेली आहेत, पात्रात किती भराव पडले आहेत, यांवर पाणी कुठवर येणार ते ठरतं. म्हणून जुनी खूण ही शेवटची हद्द मानू नका. ती फक्त माहिती आहे. तिचा उपयोग असा करा : पुलाला किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, हे शेजारच्या वयस्कर माणसांना विचारा. त्यातून चार-पाच फूट वजा करा. तो आपला निघण्याचा आकडा. तो कॅलेंडरच्या मागे ठळक लिहून ठेवा.

कोकणात मात्र एवढीही सवड मिळत नाही. तिथल्या नद्या लांबीने लहान, उताराच्या, आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी पहाटे घरात शिरलं, तेव्हा अनेक जण झोपेत होते. तिथे फुटांची वाट पाहण्यात अर्थ नाही, हवामान खात्याचा इशाराच प्रमाण मानायचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा.

गैरसमज : सामान माळ्यावर टाकलं आणि आपण वरच्या मजल्यावर गेलो की झालं.

वस्तुस्थिती : कृष्णा-पंचगंगेचा पूर दोन तासांत ओसरत नाही. २०१९ मध्ये कित्येक भागांत पाणी आठवडाभर हललं नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद होता. वरच्या मजल्यावर जीव वाचतो, पण वीज नाही, संडास तुंबलेला, दूध नाही, आणि आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी संपतात.

शिवाय उशिरा निघणं हाच मोठा धोका. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. ती माणसं सुरक्षित जागी जायलाच निघाली होती. रस्ता कोरडा असतो तोवर जी वाट पायी किंवा गाडीने दहा मिनिटांची असते, तिलाच पुढे बोट लागते. लहान मुलं, गरोदर बाई, आजारी आणि वयस्कर माणसं यांना धोका पातळीची वाट न पाहता पाहुण्यांकडे पोचवा.

गैरसमज : जनावरांना सोडून कसं जायचं? शेवटपर्यंत थांबू.

वस्तुस्थिती : गोठ्यातल्या म्हशीसाठी माणूस घर सोडत नाही, यात हट्ट नाही, माया आहे आणि घरचा संसारही तिच्यावरच चालतो. म्हणूनच जनावरं सर्वांत आधी हलवायची. उंचावरच्या कोणाच्या मळ्यात दावण मिळेल, हे मे महिन्यातच बोलून ठेवा. वैरण तिकडे आधी टाका. आणि काहीच जमलं नाही, तर निघताना दावं सोडा. मोकळं जनावर पोहून जागा शोधू शकतं, बांधलेल्याला ती संधीच मिळत नाही.

गैरसमज : पाणी गुडघ्याएवढंच आहे, सहज पलीकडे जाता येईल.

वस्तुस्थिती : एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं आणि वाहतं पाणी ते सगळं वजन घेऊन अंगावर येतं. गुडघ्याएवढ्या ओढीच्या पाण्यात धडधाकट माणसाचा पाय उचलला जातो. दोन फूट वाहत्या पाण्यात चारचाकी तरंगते आणि वाहून जाते. गढूळ पाण्याखाली रस्ता खचलाय की गटाराचं झाकण निघालंय, हे वरून दिसत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा.

गैरसमज : पुरात पाण्याला काय तोटा? आणि गढूळ असलं तर तुरटी फिरवू.

वस्तुस्थिती : पूर आला की नळ आधी कोरडे पडतात, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात. कोल्हापूरकरांनी हे २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत भोगलं आहे. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरा. चौघांच्या घराला तीन दिवसांचे ४८ लिटर होतात, म्हणजे झाकणाचे वीस लिटरचे दोन कॅन आणि वर एक कळशी.

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी चौपदरी फडक्याने गाळा, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, मगच प्या. गॅस नसेल तर आरोग्य केंद्रात मिळणारं क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच वापरा.

गैरसमज : मोबाइल हाताशी आहे, सगळं त्यात आहे.

वस्तुस्थिती : वीज गेली की टॉवरही फार काळ तग धरत नाहीत. यूपीआय बंद, एटीएम बंद. पूर ओसरल्यावर कित्येक अंगणांत एकच दृश्य दिसतं : कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून टांगलेला सातबारा, पोरांच्या मार्कलिस्टा, बँकेचं पासबुक. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली, आणि घरातली बाई नखाच्या टोकाने हळूहळू पान सोडवत बसलेली.

हे टाळायला एक जाड प्लॅस्टिकची चेनची पिशवी पुरते. तिच्यात रेशन कार्ड, घराची आणि शेतीची कागदपत्रं, विम्याची पॉलिसी, आधारच्या प्रती, सुट्या नोटांत थोडी रोकड, रोजच्या औषधांची आठवडाभराची सोय आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. कागदाच्या एका चिठोऱ्यावर नातेवाइकांचे नंबर आणि ११२, १०८ व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लिहा. शेजारी बॅटरी आणि भरलेली पॉवर बँक. फोन लागत नसेल तर एसएमएस पाठवून पाहा, कमी रेंजमध्येही तो पुष्कळदा जातो. पुराच्या पट्ट्याबाहेरचा एक नातेवाईक ठरवा आणि चुकामूक झाली तर सगळ्यांनी त्यालाच निरोप द्यायचा.

गैरसमज : पाणी उतरलं, संकट टळलं.

वस्तुस्थिती : निघताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद केला असेल, सिलिंडर बांधून ठेवला असेल, तर परतणं सोपं जातं. रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगत निघून जातो. परत आल्यावर वायरमनने पाहिल्याशिवाय वीज सुरू करू नका. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो आणि बटणाच्या ठिणगीनेही पेटू शकतो. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा, १९०६ ला फोन लावा. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी गेलेलं असतं. मातीच्या भिंती पाणी उतरल्यावर ढासळतात, तेव्हा अशा घरात रात्री झोपायला जाऊ नका.

अडगळीत साप असतो, म्हणून हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. चिखलात अनवाणी उतरू नका. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा (लेप्टोचा) जंतू पायाच्या भेगेतून शरीरात शिरतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका, आणि डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगा.

आणखी एक गोष्ट. घर धुवायला घेण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, फ्रिज, गाद्या, सगळ्याचे फोटो काढा. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत आणि विम्याचा माणूस पाहणी करेपर्यंत तोच तुमचा पुरावा आहे. स्वच्छतेच्या घाईत हा पुरावा नाल्यात वाहून जातो.

या सगळ्याला मोठा खर्च नाही. आज रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी एकत्र बसा आणि चार गोष्टी ठरवा : आपला आकडा कोणता, आजी-आजोबांना कोण नेणार, जनावरं कुठे जाणार, पिशवी कोण उचलणार. ठरलेलं कॅलेंडरच्या मागे लिहा आणि घरातल्या सर्वांत लहान पोराकडून मोठ्याने वाचून घ्या.