बूथ : एक शब्द, चार जागा
लेखमाला : रोजच्या बोलण्यातले शब्द

मागच्या आठवड्यात आपण ‘नाका’ पाहिला. आज त्याच्या शेजारचा ‘बूथ’.

मतदानाच्या दिवशी जालना जिल्ह्यात घनसावंगी किंवा परतूर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेकडे निघा. शाळेच्या बऱ्याच अलीकडे एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून कार्यकर्ते मतदारांच्या चिठ्ठ्या शोधून देत असतात. “बूथ लावला का?” असं सकाळी एकमेकांना विचारतात, तो हा बूथ. तो केंद्रापासून 200 मीटरच्या बाहेरच हवा, असा निवडणूक आयोगाचा दंडक 2025 पर्यंत होता. चिठ्ठी घेऊन मतदार शाळेच्या खोलीत शिरतो, तोही बूथच. खोलीच्या कोपऱ्यात यंत्राभोवती तीन बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा असतो. तोही बूथ, आणि इंग्रजीतल्या अर्थाला सगळ्यात जवळचा. आणि निकालाच्या दिवशी “आपल्या बूथवर लीड आहे” असं कुणी सांगतं, तेव्हा टेबल, खोली, पुठ्ठा सगळं मागे पडतं. तिथे बूथ म्हणजे त्या केंद्राच्या मतदार यादीतली माणसं.

इंग्रजीत हा शब्द स्कँडिनेव्हियातून आला. तिकडे त्याचा अर्थ तात्पुरता निवारा, बाजारातलं दुकान. त्याचा धातू ‘असणे, वसणे’ या अर्थाचा, म्हणजे संस्कृतातल्या ‘भू’चा सख्खा. त्या नात्याने बूथ आणि ‘भवन’ हे लांबचे भाऊबंद, आणि आपलं ‘होणे’ही त्याच घरातलं.

पण मराठीने हा पाहुणा पारखून घेतला. आठवडी बाजारात पाल पडतं, चहाची टपरी असते, पोलिसांची चौकी असते, समृद्धी महामार्गावर टोलनाका लागतो. या सगळ्यांना इंग्रजीत बूथ म्हणता येईल. आपल्याकडे शब्द होते, म्हणून आपण म्हटलं नाही. काम नवं होतं तिथेच बूथ आला. एसटीडी बूथ तसाच. पिवळी पाटी, काचेचा दरवाजा आणि मीटरवर पळणारे लाल आकडे. त्या आकड्यांकडे बघत माणसं लेकीची खुशाली घाईघाईने विचारायची. मोबाइल आले आणि तो बूथ गेला.

पोलिओ बूथ मात्र घरोघरी पोचला. 1995 पासून लहान मुलांना कडेवर घेऊन आया तिथे गेल्या. अंगणवाडीच्या ओट्यावर दोन थेंब तोंडात, आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा. 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. लहानपणी करंगळीला लागलेली शाई अठराव्या वर्षानंतर डाव्या तर्जनीवर येते. दोन्ही खुणा बूथवरच्याच, आणि दोन्हींचा अर्थ एकच : हा माणूस मोजला गेला, कुणी सुटला नाही. या शब्दाची मराठीतली खरी कमाई ही आहे.

म्हणून आपला बूथ माहीत हवा. 2024 च्या लोकसभेला जालना, बदनापूर, भोकरदनचं मतदान 13 मेला झालं. परतूर, घनसावंगी परभणी मतदारसंघात असल्याने तिथे ते 26 एप्रिललाच उरकलं होतं. जिल्हा एक, तारखा दोन. तेव्हा गावातल्या बीएलओंना (बूथस्तरीय अधिकाऱ्यांना) गाठा, यादीत स्वतःचं नाव आणि भाग क्रमांक बघून ठेवा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचंही तेवढंच बघा.