कामास आलेल्या शिपायाचें स्मारक : दगड कीं कागद ?

माकुणसार हें गांव पालघर तालुक्यांत केळवें-माहीमच्या दक्षिणेस आहे. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत या भागाचा तालुका ‘माहीम’ या नांवानें येतो; पालघर हा निराळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. उत्तरेस केळवें, माहीम, शिरगांव व तारापूर आणि दक्षिणेस वसई, अशा फिरंगी कोटकिल्ल्यांच्या रांगेंत हा टापू सांपडलेला असल्यामुळें १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेचें तें रणक्षेत्रच होतें. या मोहिमेंत जे शिपाई पडले त्यांची खूण आज कोठें पाहावी, आणि अशा शिपायांच्या मागें राहिलेल्या कुटुंबांची तरतूद मराठी राज्यांत कोणत्या रीतीनें होत असे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. प्रश्न दोन दिसले तरी त्यांचें उत्तर एकच आहे, असें पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम रणाची हकीकत थोडक्यांत सांगतों. १७३९ च्या जानेवारींत माहीम मराठ्यांच्या हातीं आलें व त्याच महिन्यांत चिमाजी आप्पानें तारापूर घेतलें. तारापुरास तटाखालीं सुरुंग लावून मराठे आंत शिरले. तेथें बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडला. तो पेशव्यांच्या अगदीं निकटचा माणूस असल्यामुळें त्याच्या मातेस गेलेलें सांत्वनपत्र मराठी पत्रवाङ्मयांत प्रसिद्ध आहे. पुढें मे महिन्यांत वसई शरण आली. एकट्या वसईच्या वेढ्यांत मेलेले व जखमी मिळून पांच हजारांवर माणसें गमावल्याची मराठ्यांची स्वतःचीच कबुली ग्रांट डफनें नमूद केली आहे. फिरंग्यांचा आंकडा तो आठशें देतो. पांच हजारांतील किती जणांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत ? रेठरेकरासारख्या थोड्या सरदारांचीं. बाकीचे शिपाई आकड्यांत गेले.

उलट पक्षाकडे पाहिलें म्हणजे फरक स्पष्ट दिसतो. वसईच्या किल्ल्यांत फ्रान्सिस्कनांच्या देवळाच्या जमिनींत थडग्यांच्या शिळा ओळीनें बसविलेल्या आहेत; त्यांवर मृताचें नांव, हुद्दा व साल हीं कोरलेलीं आढळतात. गेर्सन द कुन्या यांनीं १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या चौल-वसईविषयक ग्रंथांत वसईच्या कोरीव लेखांची नोंद करून ठेविली आहे. शरणागतीच्या तहांतहि फिरंगी शिबंदीनें हत्यारांनिशीं, नगारे वाजवीत व निशाणें फडकावीत बाहेर पडावें, असें कलम होतें. मेलेल्यास शिळा व जिवंतास निशाण, असा त्यांचा सन्मानाचा प्रकार होता.

मराठी शिपायास अग्निसंस्कार होई, तेव्हां थडग्याचा प्रश्नच नव्हता. तथापि दगडाचें स्मारक आपल्याकडे नव्हतें असें नाहीं. बोरिवलीजवळील एकसरचे वीरगळ सर्वांस ठाऊक आहेत. त्यांवर जहाजांची लढाई खोदलेली आहे. वीरगळाचा सांचा असा कीं, खालच्या पट्टींत झुंज, तिच्यावर वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. परंतु बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतें. वीर कसा मेला व कोठें गेला हें दगड सांगतो. तो कोण होता व त्याच्यामागें कोण राहिलें हें सांगत नाहीं. पेशवाईंत समाधि किंवा छत्री हा मान बहुधा मोठ्यांच्याच वाट्यास येई; १७९४ सालीं वारलेल्या महादजी शिंद्यांची वानवडी येथील छत्री हें त्याचें ठळक उदाहरण होय. सामान्य शिपायापर्यंत हा मान उतरला नाहीं.

मग राज्यानें शिपायाची दखल घेतलीच नाहीं काय ? घेतली, पण ती दगडावर न घेतां कागदावर घेतली. याचा जुना पुरावा सभासदाच्या बखरींत आहे. ही बखर कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली. अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनीं काय केलें तें सांगतांना सभासद तीन गोष्टी नमूद करतो. पडलेल्यांच्या मुलांस पुढें चालविलें. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निम्मे वेतन बांधून दिलें. आणि जखमी लोकांस जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशें होन दिले. बखरींतील हा उल्लेख लहान असला तरी त्यांत सबंध कायदा आहे. वारस कोण, वारस नसेल तर विधवेचा हक्क किती, आणि जखमेचें मोल कोणत्या प्रमाणानें करावयाचें, या तिन्ही प्रश्नांचा त्यांत निर्णय आहे.

पेशवाईंत याच तरतुदीस ‘बालपरवेशी’ हें नांव रूढ झालेलें दिसतें. ‘परवेशी’ हा शब्द फारशी ‘परवरिश’ म्हणजे पालनपोषण यापासून आला आहे. शिपाई सरकारकामावर पडला असतां त्याच्या मुलांच्या पोषणासाठीं नक्त नेमणूक किंवा जमीन देणें, असा तिचा अर्थ. दप्तरांत मृत्यूसाठीं येणारे शब्दहि लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. माणूस ‘कामास आला’, ‘ठार झाला’, ‘खर्च झाला’ अशी भाषा येते. आजच्या वाचकास ‘खर्च’ हा शब्द कोरडा वाटेल. परंतु ज्या हिशेबांत माणूस खर्चीं पडतो, त्याच हिशेबांत त्याच्या मुलाच्या नांवें जमेची बाजू उघडते, हें विसरतां कामा नये. दगडास वारस नसतो, सनदेस असतो. म्हणून मराठी शिपायाचें खरें स्मारक म्हणजे त्याच्या मुलाच्या किंवा विधवेच्या नांवें झालेला कागद होय, असें आमचें मत आहे.

या पद्धतींत एक उणें आहे तेंहि सांगितलें पाहिजे. कागदाचा सन्मान कागदांत नांव असलेल्यालाच मिळतो. तोफा ओढणारे, सुरुंग खणणारे, ओझीं वाहणारे असे जे लोक सैन्याबरोबर असत, त्यांच्यापैकीं ज्याचें नांव हजिरींत चढलें नाहीं, त्याच्या कुटुंबास दाद मागण्यास आधार कोणता ? दगडावर नांव नसण्याहून कागदावर नांव नसणें हें अधिक जड, कारण त्याबरोबर पोटहि जातें.

आतां या कागदांचें पुढें काय झालें तें पाहूं. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनास मुंबई इलाख्यांतील इनामांचे हक्क तपासण्याचा अधिकार मिळाला. ज्याच्यापाशीं सनद त्याचें इनाम टिकण्याचा संभव; ज्याची सनद वाळवीनें खाल्ली त्याचें कठीण. १८६३ च्या २ ऱ्या व ७ व्या कायद्यांनीं ठराविक आकार भरून इनाम कायम करून घेण्याची सोय झाली. या सर्व काळांत सनद म्हणजे घरची भाकरी होती व ती पेटीच्या तळाशीं जपली जाई. पुढें व्यक्तिविषयक इनामें नष्ट करणारा १९५२ चा मुंबईचा कायदा आला व अशा जमिनी पूर्ण आकारणीस पात्र झाल्या. सनदेची कचेरींतील किंमत गेली. ज्या दिवशीं ती गेली त्या दिवसापासून हे कागद सर्वांत अधिक धोक्यांत आहेत. कारण निरुपयोगी ठरलेला कागद कोंकणांतील पावसाळ्यांत फार दिवस टिकत नाहीं.

आजच्या सैनिकविषयक नियमांकडे पाहिलें तर सभासदाचेच तीन प्रश्न पुन्हां समोर येतात. लढाईंत मृत्यु पावलेल्याच्या वारसास उदारीकृत कुटुंब-निवृत्तिवेतन आहे. अपंगत्वाचें प्रमाण १९९६ पासून पन्नास, पंचाहत्तर व शंभर टक्के अशा पायऱ्यांनीं धरतात. होनांच्या पायऱ्यांचीच ही नवी आवृत्ति म्हणावी. आणि दिल्लीस २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकांत स्वातंत्र्योत्तर काळांतील पंचवीस हजारांवर सैनिकांचीं नांवें दगडांत कोरलीं गेलीं. येथें सामान्य शिपायास दगड व कागद हे दोन्ही मिळाले. वसईच्या मोहिमेंतील शिपायास मात्र कागद हाच एक आधार आहे.

म्हणून संग्राहकांस दोन-तीन व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. माहीम, तारापूर व वसई या तिन्ही ठिकाणांचें काम ज्या सुहूर सनांत झालें तो ‘तिसा सलासीन मया व अलफ’, म्हणजे ११३९ होय. शकाचें साल मात्र माहीम-तारापुरास १६६० व वसईस १६६१ असें येतें. बालपरवेशीचा कागद लढाईनंतर कांहीं काळानें होणें स्वाभाविक असल्यामुळें ‘अर्बैन मया व अलफ’ या व त्यापुढील सनांचे कागदहि तपासावे. दुसरें, सनद एकटी काढून घेऊं नये. ज्या रुमालांत ती सांपडली त्यांतील वंशावळी, इनाम कमिशनापुढील कैफियती व पाठीवरचे शेरे तिच्याबरोबर ठेवावे, कारण मूळ शिपायाचें नांव पुष्कळदां सनदेपेक्षां कैफियतींत अधिक विस्तारानें येतें. तिसरें, मालक कागद देण्यास राजी नसेल तर नक्कल घ्यावी, व नकलेवर गांवाचें नांव अवश्य लिहावें.

वसईची मोहीम प्रसिद्ध कागदांवरून बरीच उलगडली आहे. पेशवे दप्तरांतून सरदेसाईंनीं काढलेला सोळावा खंड व य. न. केळकरांचें ‘वसईची मोहीम’ हें पुस्तक अभ्यासकांच्या हातीं आहेच. परंतु तीं सरकारच्या बाजूचीं साधनें होत. घराच्या बाजूचे कागद अद्याप घरांतच आहेत. केळवें, माहीम, माकुणसार, तारापूर या पट्ट्यांत व मोहिमेंत लढलेल्या देशावरील घराण्यांत शोध झाला, आणि ‘खर्च झाला’ या दोन शब्दांमागचें एखादें नांव, त्याचें गांव व त्याच्या मुलाची नेमणूक एवढें जरी हातीं लागलें, तरी डफच्या पांच हजारांतून एक माणूस ओळखीचा होईल.