पाणीगेटचं वॉटरगेट

बडोद्याच्या जुन्या तटबंदीला चार दरवाजे. मधोमध मांडवी आणि चार दिशांना लहेरीपुरा, चांपानेर, गेंडीगेट आणि पाणीगेट. यातल्या शेवटच्या नावाचं शब्दशः इंग्रजी करून पाहा. वॉटरगेट!

बडोद्यात भाषांतराच्या धंद्यात जो कुणी नवा येतो, त्याच्या हातून हे वॉटरगेट एकदा तरी घडतंच. आमच्या टेबलावर येतात ते कागद ठरावीक असतात. मुलाकडे अमेरिकेला कायमचं निघालेल्या आईवडिलांचे जन्माचे दाखले, घराचे दस्तऐवज, वारसाहक्काची कागदपत्रं, एखाद्या मराठी घरातला मोडीतला जुना करार. सगळं गुजराती किंवा मराठीतून इंग्रजीत न्यायचं. त्यातलाच एक मसुदा मी पाहिला होता, ‘जन्मस्थळ : वॉटरगेट, बडोदा’. ज्यांचा तो दाखला होता ते काका चष्मा वर सरकवून म्हणाले, “अहो, माझा त्या निक्सनशी काय संबंध? हे वाचून मला विमानातसुद्धा बसू देणार नाहीत.” निक्सननी राजीनामा दिला तो १९७४ साली. त्याच वर्षी आमच्या शहराचं ‘बडोदा’ हे नाव सरकारी कागदांवरून उतरलं आणि ‘वडोदरा’ आलं. काकांना हा योगायोग सांगितला तेव्हा ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक थांबला.

बाकीचे दरवाजेही काही कमी नाहीत. लहेरीपुरा म्हणजे लहरी माणसांचं गाव. एकाने तर ‘वेव्ह टाऊन’ करून समुद्रच आणून ठेवला होता. गेंडीगेटचं ‘ऱ्हायनो गेट’ वाचून हसू येतं खरं, पण लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात खंडेराव महाराजांच्या बडोद्यात आला होता आणि त्याने इथे चक्क गेंड्यांची झुंज पाहिली. त्याच्या प्रवासवर्णनात तिचं चित्रही आहे. फतेहपुऱ्यातला हाथीखाना आज धान्याचा घाऊक बाजार आहे. त्याचं इंग्रजी करताना ‘खाना’ म्हणजे जेवण असं धरून एका मुलाने ‘एलिफंट मील’ लिहिलं होतं. तिथे हत्ती बांधले जात, आणि ते खातही भरपूर असणार, हा त्याचा युक्तिवाद मला मनापासून आवडला.

खरी गंमत मात्र गुजराती आणि मराठी यांच्या सांध्यावर होते. इंग्रजी तिथे नंतर येतं. बडोद्याचा मराठी माणूस दोन भाषांत जगतो, त्याच्या घरात ‘बारी लाव’ म्हटलं की खिडकी बंद होते. गुजरातीत खडकी म्हणजे एका दरवाजाआतला घरांचा समूह. पुण्याहून आलेल्या एका मदतनीस मुलीने दस्तऐवजातली ‘खडकी’ म्हणजे खिडकीच समजून, एका कुटुंबाची सहा घरं एकाच खिडकीत राहायला पाठवली होती. पोळ या शब्दाचंही तेच. मांडवीजवळची घडियाळी पोळ, मेहता पोळ, नरसिंहजीची पोळ. गुजरातीत पोळ म्हणजे वेस असलेली गल्ली, रात्री दार लावून घेणारी वस्ती. मराठीत पोळ म्हणजे देवाच्या नावाने मोकाट सोडलेला बैल. आणि इंग्रजी लिपीत लिहिलं की तो होतो खांब! म्हणजे एकच पत्ता वाचून अहमदाबादचा माणूस गल्लीत शिरतो, सोलापूरचा माणूस शिंगं चुकवतो आणि परदेशी अधिकारी घड्याळाचा खांब शोधत बसतो.

खारीवाव रस्त्याचं तर विचारूच नका. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाणी खारं म्हणून खारी. मराठी वाचकाला मात्र आधी चहाबरोबरची खारी आठवते आणि मग ‘वाव’ म्हणजे संधी. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव १४०५ सालची, राजवाड्याहून जवळपास पाच शतकांनी जुनी. तिचं कुणी ‘नऊ लाखांची संधी’ केलं तर एखादा दलाल धावत येईल. सलाटवाडा म्हणजे दगड घडवणाऱ्या सलाटांची वस्ती, तिथे काकडी-टोमॅटोचा काही संबंध नाही. बकरावाडी ऐकून पुण्याच्या पाहुण्यांच्या तोंडाला हमखास पाणी सुटतं. नवी धरती नावाचा भाग आहे, त्याचं ‘न्यू अर्थ’ झालेलं मी पाहिलं आणि क्षणभर वाटलं, व्हिसा अमेरिकेचा की अंतराळाचा? महामार्गावर दक्षिणेला पोर नावाचं गाव आहे. “मी पोरला उतरले आणि तिथून रिक्षा केली,” असं एका काकूंनी सांगितल्यावर नागपूरच्या विहीणबाई बराच वेळ गप्प होत्या.

अलकापुरीवर मी जरा थांबते, कारण ते नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला माझा सलाम आहे. अलका ही कुबेराची नगरी, मेघदूतातल्या यक्षाचं घर. स्टेशनच्या पश्चिमेच्या श्रीमंत वस्तीला याहून शोभणारं नाव कुठून आणणार? आणि शब्दकोश उघडून बसलेल्या भाषांतरकाराला ‘अलक’ म्हणजे कुरळे केस सापडतात. ‘कर्ल सिटी’. कुबेर गेला, न्हावी आला.

आमच्या टेबलाचा नियम साधा आहे. कागदावर नाव जसं उच्चारतात तसंच लिहायचं, त्याचं भाषांतर करायचं नाही. पत्ता हा माणसाला घरी पोचवण्यासाठी असतो. पण मला मनापासून वाटतं की घरात, जेवताना, मुलांसमोर प्रत्येक नावाचं भाषांतर एकदा व्हायलाच हवं. सलाटवाडा ऐकून सॅलड म्हणणारं मूल हसता हसता विचारतं, मग सलाट म्हणजे कोण? तिथून दगड, छिन्नी, देवळं, राजवाडे अशी गोष्ट सुरू होते. न हसलेलं मूल काहीच विचारत नाही.

भाषांतराची ही आवड या शहराला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा एक मोठा कोश करवून घेतला, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु. १९३१ साली तो छापला गेला. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द, अशा आठ भाषा एका पानावर मांडलेल्या. महाराजांच्या पदरी असलेल्या रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांनी मॅकियाव्हेलीचा ‘प्रिन्स’ मराठीत आणला. अशा दरबाराने कोर्टाच्या इमारतीला नाव दिलं न्यायमंदिर. १८९६ सालची ही वास्तू महाराजांच्या दिवंगत पत्नी चिमणाबाई यांच्या नावाची. कितीतरी पिढ्या बडोदेकर ‘कोर्टात तारीख आहे’ असं न म्हणता ‘न्यायमंदिरात तारीख आहे’ असं म्हणत राहिले आणि तेवढ्या एका शब्दाने कोर्टाच्या पायरीचा मान वाढला. २०१८ मध्ये कोर्ट नव्या इमारतीत गेलं, पण चौकाचं नाव न्यायमंदिरच आहे. ‘टेम्पल ऑफ जस्टिस’ हे भाषांतर वाचून कुणी परदेशी पाहुणा चपला काढू लागला तर मी त्याला अडवणार नाही.

शहराचं स्वतःचं नाव तर सगळ्यांत गोड. वट आणि उदर, वडाच्या पोटातलं गाव. ८१२ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटात वटपद्रक हे गाव दान दिल्याची नोंद आहे. इंग्रज प्रवाशांनी त्याचं ‘ब्रोडेरा’ केलं, मग बडोदा झालं, मराठी माणसाच्या तोंडी ते बडोदे राहिलं. रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनचा संकेत अजून जुन्या नावाचाच, बीआरसी. १९०८ साली महाराजांनी काढलेल्या बँकेनेही जुनं नाव जपलं. ‘वडाच्या पोटाची बँक’ असं म्हटलं की पैसे तिथे सुरक्षित असणार याबद्दल शंकाच राहत नाही!

ही नावं ऐकून सगळ्यांत जास्त हसतात ती अमेरिकेतली नातवंडं. त्यांना मी त्यांच्याच गावांची नावं उलगडून देते. कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा सगळीकडे स्पॅनिश लोकांनी नावं ठेवली आणि इंग्रजी बोलणारे ती अर्थ न विचारता वापरतात. लास व्हेगास म्हणजे कुरणं. झगमगत्या दिव्यांचं ते शहर वाळवंटातल्या झऱ्यांकाठच्या गवतावरून ओळखलं जातं. लॉस गॅटोस म्हणजे मांजरं. नेवाडा म्हणजे बर्फाळ, कोलोरॅडो म्हणजे तांबूस. रिओ ग्रांदे म्हणजेच मोठी नदी, तिला इंग्रजीत ‘रिओ ग्रांदे रिव्हर’ म्हणतात, म्हणजे मोठी नदी नदी. आपण तरी काय, सुरसागर तलाव म्हणतो, सागरही आणि तलावही. फ्लोरिडातलं बोका रॅटॉन म्हणजे शब्दशः उंदराचं तोंड. मराठी कानाला त्यात बोकाही ऐकू येतो, म्हणजे मांजर आणि उंदीर एकाच पाटीवर. बडोद्याच्या वेशीवर उंडेरा नावाचं गाव आहे, दोघांनी भगिनीशहरं व्हायला हरकत नाही.

दांडिया बाजारात वाढलेला एक मुलगा आता पालो आल्तोला असतो. रास-गरब्याच्या टिपऱ्या विकणारा बाजार असंच त्याच्या तिकडच्या मित्रांना दांडिया बाजार वाटतो. मी त्याला कळवलं की ‘पालो’ म्हणजे काठी, ‘आल्तो’ म्हणजे उंच, तेव्हा तूही एका दांडियातून निघून दुसऱ्या दांडियात पोचलास. ती काठी म्हणजे एक रेडवूड वृक्ष. हजार वर्षांहून जुना, रेल्वेपुलाजवळ अजून उभा आहे आणि शहराच्या मुद्रेवरही आहे. वडाच्या पोटातून निघालेला मुलगा उंच झाडाखाली राहतो. त्याने उत्तरात त्या झाडाचा फोटो पाठवला आणि विचारलं, आपला तो वड कुठे आहे?

पुतळ्यावरून ओळखल्या जाणाऱ्या ‘काळा घोडा’ चौकाचं भाषांतर करायला काहीच अडचण नाही, ब्लॅक हॉर्स. मुंबईतल्या काळ्या घोड्यावर इंग्रज युवराज होता. १९६५ साली त्याला तिथून हलवलं, आणि २०१७ मध्ये त्या जागी नवा घोडा आला तो बिनस्वाराचा. बडोद्याच्या काळ्या घोड्यावर सयाजीराव अजून बसलेले आहेत. तरी दोन्ही गावांत लोकांनी नाव घोड्याचंच घेतलं. चौकाला राजाचं नाव देण्यापेक्षा त्याच्या घोड्याला हाक मारणं मला अधिक जवळिकीचं वाटतं.

विश्वामित्री नदीचं ‘युनिव्हर्सल गर्लफ्रेंड’ करणाऱ्या मुलीला मी ते खोडायला लावलं, पण विश्वाची मैत्रीण हा अर्थ चुकीचा नाही. पावागढावरून उतरणारी ही नदी शहराच्या मध्यातून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, भरवस्तीत, पुलांखाली, कारखान्यांमागे. मकर म्हणजे मगर. म्हणून मकरपुऱ्याचं ‘क्रोकोडाईल टाऊन’ करणाऱ्या मुलाला त्या पत्त्यावर राहणाऱ्या आजींनी आधी झापलं, “आमच्याकडे राजवाडा आहे, वायुदल आहे, मगर कुठली?” २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी पाण्याबरोबर रस्त्यांवर, सोसायट्यांच्या आवारात येऊन बसल्या. प्राणिप्रेमी स्वयंसेवक आणि वनखात्याचे लोक त्यांना उचलून परत सोडत होते. आजींनी फोन केला. म्हणाल्या, “त्या मुलाला सांगा, त्याचं बरोबर होतं. पण कागदावर मकरपुराच लिहा हो, नाहीतर माझा मुलगा मला इथे एकटीला राहू देणार नाही.”