तुमचे सेन्सेई कुठे शिकले?

काळा पट्टा मिळाला की शिकवायचा परवाना मिळाला, असं आपल्याकडे सर्रास समजतात. जपान कराटे असोसिएशनने मात्र 1956 साली टोकियोत शिक्षक घडवायचा वेगळा अभ्यासक्रमच काढला. रोजच्या घामाबरोबर शरीरविज्ञान आणि शिकवण्याचं तंत्रही! पुढाकार मासातोशी नाकायामांचा. ते ताकुशोकु विद्यापीठाचे विद्यार्थी आणि गिचिन फुनाकोशींचे शिष्य, तरुणपणी बरीच वर्षं चीनमध्ये राहिलेले.

खुद्द फुनाकोशी पेशाने शाळामास्तर, बरं का. ओकिनावात रात्री आझातो गुरुजींच्या अंगणात, कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात त्यांचा सराव चाले. एकच काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) महिनोन्महिने घोटायची, गुरुजींचं समाधान होईपर्यंत. आजच्या ‘तीन महिन्यांत नवा पट्टा’वाल्यांना हे झेपेल का, शंकाच आहे!

असोसिएशनच्या त्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी 1957 मध्ये बाहेर पडली. त्यात होते ताकायुकी मिकामी आणि हिरोकाझु कानाझावा. कानाझावांनी त्याच वर्षी हात मोडलेला असताना अखिल जपान स्पर्धेत कुमिते (लढत) जिंकली.

मुलांचं नाव क्लासमध्ये घालताना फी विचारताच. सेन्सेई कोणाकडे आणि किती वर्षं शिकले, तेही विचारा.