पोरांना घेऊन इमॅजिकाला

जत्रेतला पाळणा आपल्या मोडनिंबच्या पोरांना नवा नाही. पण खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेली इमॅजिका हे प्रकरण निराळे. तिथे दर फेरीला पैसे मोजायचे नाहीत. दारात एकदा तिकीट काढले, की दिवसभर खेळा. म्हणून आईबाप पैसे वसूल करायच्या भरीस पडतात आणि चार वर्षांचे पोर दुपारीच पेंगते!

वॉल्ट डिस्ने मुलींना फिरत्या घोड्यांवर बसवून स्वतः नुसता बाकावर बसून राही. लहानथोरांनी मिळून खेळावे अशी बाग हवी, हे त्याला तिथे सुचले. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले.

आता मुख्य गोष्ट उंचीची. वेगवान गाड्यांना मुलाची उंची पाहतात. अंगावरचा अडसर लहान देहाला नीट धरत नाही, हे त्याचे कारण. तेव्हा निघण्यापूर्वीच मूल भिंतीशी उभे करून मोजावे. शाळेत गुरुजी मोजतातच; तो आकडा मागून घ्यावा. 'यात तुला बसता येणार नाही' हे घरी कळले तर मूल घटकाभर रुसते. तासभर रांगेत उभे राहून कळले, आणि थोरला भाऊ तेवढा आत गेला, म्हणजे मग विचारूच नका.

मोडनिंबहून पुणे गाठायलाच तीन-चार तास लागतात, खोपोली त्याच्याही पुढे. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको. आदल्या रात्री पुण्यात पाहुण्यांकडे उतरावे, रविवार टाळावा, आणि धाकट्यासाठी कपड्यांचा एक जोड जादा घ्यावा.